मागे जाऊन करायचं काय? टीव्हीवरच्या काळप्रवासाची गोडी

२३ नोव्हेंबर १९६३, शनिवार. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास बीबीसीवर 'डॉक्टर हू' या नव्या मालिकेचा पहिला भाग लागला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या होऊन तेव्हा एक दिवसही उलटला नव्हता. लोकांचं चित्त बातम्यांत गुंतलेलं, म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवला आणि त्याला जोडून दुसरा. अशी अडखळत सुरू झालेली मालिका, मधला मोठा खंड धरूनही, साठ वर्षं ओलांडून गेली. तिच्या आगेमागे 'द ट्वायलाइट झोन', 'स्टार ट्रेक', 'क्वांटम लीप', 'लाइफ ऑन मार्स', 'डार्क' अशी काळात ये-जा करणाऱ्या मालिकांची रांगच लागली.

प्रेक्षकाला यांत नेमकं काय आवडतं? चूक दुरुस्त करायची संधी, असं उत्तर चटकन दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. या मालिकांतले वर्षानुवर्षं मनात राहिलेले भाग आठवून पाहा. त्यांत इतिहास बहुधा बदलत नाही. माणूस मागे जातो, पुढचं सगळं ठाऊक असूनही घडायचं ते घडू देतो आणि ते घडताना तिथे हजर राहतो. त्या हजर राहण्यातच या प्रकाराची खरी ताकद आहे असं माझं मत आहे.

निळी पेटी आणि तुटपुंजा पैसा

'डॉक्टर हू'ची कल्पना पुढे रेटली बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख, मूळचे कॅनडाचे सिडनी न्यूमन यांनी. निर्मितीची जबाबदारी तरुण व्हेरिटी लॅम्बर्ट यांच्याकडे आली आणि पहिली कथा दिग्दर्शित केली लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी. मुलांना गोष्टीतून काही शिकवावं हा हेतू होता. म्हणून मालिकेचा काळप्रवासी नायक, म्हणजे डॉक्टर, त्याच्याबरोबर निघालेल्या दोन शिक्षकांपैकी एक विज्ञानाचा, तर दुसरी इतिहासाची. भविष्यात गेलं की विज्ञान, भूतकाळात गेलं की इतिहास, अशी ती सरळ वाटणी होती.

काळयंत्र म्हणून त्यांनी जी निळी पेटी निवडली, ती तेव्हा ब्रिटनच्या रस्त्यांवर सर्रास दिसायची. पोलिसांशी संपर्क साधण्यासाठी आत फोन असलेली ती चौकी होती. यंत्र जिथे उतरेल तिथल्या परिसराला शोभेल असं रूप घेईल, असा मूळ विचार होता. दर वेळी नवं रूप बांधायला पैसे कुठले? मग यंत्राचा रूप बदलणारा भागच बिघडला, असं कथेत घालून टाकलं. आज खऱ्या पेट्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत आणि त्या आकारावरचा व्यापारी हक्क २००२ साली बीबीसीला मिळाला. लंडनच्या पोलिसांनी त्याला घेतलेला आक्षेप टिकला नाही.

टीव्हीला काळप्रवास जवळचा वाटला त्याला ही पैशाची बाजूही आहे. परग्रह उभा करायचा म्हणजे सगळं नव्यानं घडवावं लागतं. भूतकाळ उभा करायला मात्र कपडेपटात पोशाख असतात, स्टुडिओत जुने रस्ते असतात. 'स्टार ट्रेक'मधली मंडळी १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये उतरतात, तो रस्ता एका लोकप्रिय विनोदी मालिकेतल्या गावासाठी आधीच बांधलेला होता. त्या गावातल्या न्हाव्याच्या दुकानाची पाटीसुद्धा एका दृश्यात वाचता येते.

नियम काय आहेत?

काळप्रवासाच्या प्रत्येक गोष्टीला आपला कायदा आधी सांगावा लागतो. ढोबळपणे तीन कायदे दिसतात. पहिल्यात जे झालं ते पक्कं असतं, तुम्ही मागे जाऊन जी उलथापालथ करता तीही आधीच इतिहासात धरलेली असते. दुसऱ्यात भूतकाळ बदलतो आणि त्याची किंमत वर्तमानाला मोजावी लागते. आजोबांना तरुणपणीच मारलं तर आपण जन्मलो कसे, हा प्रसिद्ध पेच या दुसऱ्या कायद्यात उभा राहतो. तिसऱ्यात प्रत्येक बदलाबरोबर नवी समांतर सृष्टी फुटते. नाट्याच्या दृष्टीनं तिसरा कायदा मला सगळ्यात दुबळा वाटतो. एका सृष्टीत मेलेला माणूस दुसरीत सुखरूप असेल, तर आपण रडायचं कोणासाठी?

विज्ञानाचा आधार किती? पुढच्या दिशेनं बराच. वेगानुसार आणि गुरुत्वाकर्षणानुसार घड्याळाची गती बदलते, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघतं आणि १९७१मध्ये विमानांतून आण्विक घड्याळं फिरवून ते पडताळलंही गेलं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तो फरक सांभाळला नाही तर फोनवरचा नकाशा आपल्याला भलतीकडेच नेईल.

मागे जाण्याची गोष्ट वेगळी. १९४९मध्ये कुर्ट गोडेल यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून एक असं फिरतं विश्व मांडलं, ज्यात प्रवासी आपल्याच भूतकाळात पोचू शकेल. आपलं विश्व तसं नाही. १९८८मध्ये किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकाशातल्या बोगद्यांचा विचार केला. १९९२मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी, निसर्गाचे नियमच अशा प्रवासाला आडकाठी करत असावेत, असं अनुमान मांडलं. २००९ साली त्यांनी काळप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं मेजवानी उरकल्यावर जाहीर केली. कोणीही आलं नाही.

मालिका लिहिणाऱ्यांना यातलं फार थोडं लागतं. त्यांना हवा असतो एक कठोर नियम आणि त्या नियमात अडकलेला एक माणूस.

एडिथ कीलरला मरू द्यायचं

६ एप्रिल १९६७ला अमेरिकेत दाखवला गेलेला 'स्टार ट्रेक'चा एक भाग या सगळ्यांचा पूर्वज मानावा असा आहे. कथा हार्लन एलिसन यांची. अवकाशयानावरचे डॉक्टर मॅकॉय औषधाच्या चुकीच्या मात्रेमुळे भ्रमिष्ट होऊन काळाच्या दरवाजातून १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये जातात आणि तिथे असं काही करतात की त्यांचं मूळ जगच पुसलं जातं. कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक त्यांच्या मागावर जातात.

मंदीचे दिवस. एडिथ कीलर नावाची बाई भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवत असते. जोन कॉलिन्स यांनी तिची भूमिका केली आहे. कर्क तिच्या प्रेमात पडतो आणि मग स्पॉक त्याला सांगतो की मूळ इतिहासात ही बाई अपघातात मरते. ती वाचली, तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि हिटलर जिंकेल. एडिथची युद्धविरोधी भूमिका चूक आहे असं ही कथा म्हणत नाही. तिचे विचार बरोबर आहेत, फक्त त्यांची वेळ चुकली आहे.

शेवटी एडिथ रस्ता ओलांडते, समोरून गाडी येते. मॅकॉय तिला वाचवायला धावतात आणि कर्क त्यांना घट्ट धरून ठेवतो. अख्ख्या विश्वाची सुटका एका माणसानं काहीही न करण्यातून होते, आणि तेच करणं सर्वांत अवघड असतं. आपल्याकडे दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात ही मालिका रविवारी सकाळी लागायची. टोकदार कानांचा स्पॉक पाहायला बसलेल्या मुलांपुढे असं काहीतरी येऊन उभं राहायचं.

वडिलांचा हात

१४ मे २००५ला 'डॉक्टर हू'मध्ये हाच पेच घरात आला. मालिका १९८९मध्ये थांबली होती, मध्ये १९९६चा एक चित्रपट सोडला तर शांतता होती. रसेल टी. डेव्हिस यांनी ती नव्यानं उभी केली, त्याच पहिल्या वर्षातला हा भाग. लेखक पॉल कॉर्नेल.

डॉक्टरची सोबतीण रोज टायलर तान्ही असताना १९८७मध्ये तिचे वडील पीट गाडीखाली सापडून गेले. गाडीवाला पळून गेला आणि जवळ कोणीही नसताना ते रस्त्यावर मेले. रोज डॉक्टरला एवढंच मागते, की मला त्या क्षणी त्यांच्याजवळ बसू दे. तिथे पोचल्यावर तिचा धीर होत नाही. दुसऱ्या खेपेला ती धावत सुटते आणि वडिलांना बाजूला ढकलून वाचवते. मग काळाला जखम होते आणि ती जखम बुजवायला आलेले भयंकर प्राणी माणसं खाऊ लागतात. ज्या गाडीनं पीट यांना उडवायचं होतं, ती गाडी चर्चबाहेर पुन्हा पुन्हा वळणावर येते आणि नाहीशी होते.

पीट हा काही मोठा माणूस नाही. धंद्यात अपयशी, बायकोशी सतत कुरबूर. ही अनोळखी तरुणी आपली मुलगी आहे हे तो ओळखतो. भविष्यात मी कसा बाप होतो, असं तो विचारतो आणि रोज आदर्श वडिलांचं चित्र रंगवू लागते. तो माणूस मी नव्हे, हे त्याला तिथेच कळतं. आपण जिवंत राहायलाच नको होतो हेही कळतं. मग तो स्वतः त्या गाडीपुढे जातो.

या खेपेला गाडीवाला पळत नाही. एक मुलगी पीट यांचा हात धरून शेवटपर्यंत बसून राहते, आणि पुढे रोजची आई आपल्या लहान लेकीला वडिलांच्या मृत्यूची हकिगत सांगते ती तशीच. मृत्यू टळला नाही, तो एकट्यानं आला नाही इतकंच. टीव्हीवर काळप्रवासाचा यापेक्षा मोठा उपयोग कोणी केलेला मला ठाऊक नाही.

२०१०मध्ये रिचर्ड कर्टिस यांनी लिहिलेल्या भागात व्हिन्सेंट व्हॅन गॉगला आजच्या पॅरिसमधल्या संग्रहालयात आणून त्याचीच चित्रं पाहायला गर्दी करणारी माणसं दाखवतात. डॉक्टरची सोबतीण एमी हिला वाटतं, आता तो आत्महत्या करणार नाही, आता पुष्कळ नवी चित्रं असतील. तो आत्महत्या करतोच. सूर्यफुलांच्या चित्रावर तिच्या नावाची अर्पणाची ओळ तेवढी उमटलेली असते.

पंजाब, ऑगस्ट १९४७

भारतीय प्रेक्षकानं आवर्जून पाहावा असा भाग ११ नोव्हेंबर २०१८ला आला. लेखक विनय पटेल. महायुद्धातल्या मृतांचं स्मरण करायचा ब्रिटनमधला तो रविवार होता. डॉक्टरची सोबतीण यास्मिन ही पाकिस्तानी वंशाची ब्रिटिश तरुणी. आजीनं दिलेल्या बंद पडलेल्या घड्याळाचं गूढ उकलायला ती आजीच्या तरुणपणात जाते आणि पोचते फाळणीच्या पंजाबात.

आजी उंब्रीन लग्नाच्या तयारीत असते आणि नवरा मुलगा हा यास्मिनचा आजोबा नसतो. तो प्रेम, महायुद्ध लढून आलेला हिंदू शेतकरी. दोघांच्या शेतांमधूनच सीमा जाणार आहे. त्या सीमा आखणारे सिरिल रॅडक्लिफ यांनी त्याआधी भारत पाहिलेला नव्हता. कामाला मिळाले जेमतेम पाच आठवडे, आणि रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर. प्रेमच्या जिवावर उठतो त्याचा सख्खा धाकटा भाऊ मनीष. धर्माच्या नावानं पेटलेली माणसं तोच घेऊन येतो.

यात परग्रहावरचे दोन भीतिदायक जीव आहेत, आधी त्यांच्यावरच खुनाचा संशय येतो. प्रत्यक्षात ते आपलं जग आणि आपली माणसं गमावलेले असतात. ज्यांच्या मरणावर रडायला कोणी नाही, अशांच्या शेवटच्या क्षणी जाऊन उभं राहायचं, हे काम त्यांनी स्वतःवर घेतलेलं असतं. डॉक्टर (या वेळी ती बाई आहे) आणि तिची मंडळी प्रेमला वाचवू शकत नाहीत. तो वाचला तर यास्मिन जन्मणारच नाही. ते पाठ फिरवून चालू लागतात आणि मागे गोळीचा आवाज येतो. प्रेमजवळ ते दोन अनोळखी जीव तेवढे असतात. फाळणीत अशा कितीतरी माणसांजवळ कोणीच नव्हतं, आणि एका कौटुंबिक विज्ञानमालिकेनं हे पन्नास मिनिटांत, कोणत्याही एका बाजूला दोष न देता सांगितलं. मला या लेखनाबद्दल अतोनात आदर आहे.

विंडेन गावातली ३३ वर्षं

'डार्क' ही जर्मन मालिका या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीझे यांची ही निर्मिती नेटफ्लिक्सवर डिसेंबर २०१७मध्ये सुरू झाली आणि तीन पर्वांत, २६ भागांत संपली. गाव विंडेन, शेजारी अणुवीज प्रकल्प, जंगलात गुहा. गुहेतून ३३ वर्षांच्या अंतरानं काळ जोडलेला: २०१९, १९८६, १९५३.

उलरिख हा पोलीस अधिकारी हरवलेल्या मुलाच्या शोधात १९५३मध्ये पोचतो. पुढे जाऊन मुलांना मारणार असा ज्याच्यावर संशय आहे, तो हेल्गे तिथे नऊ वर्षांचा पोरगा आहे. उलरिख त्याला दगडानं ठेचतो. हेल्गे मरत नाही. म्हाताऱ्या हेल्गेच्या चेहऱ्यावरचे जे व्रण आपण पहिल्या भागापासून पाहत आलो, ते याच दगडाचे. इथे पहिला कायदा चालतो, आणि तो इतका निर्दय आहे की आपली धडपड हेच आपल्या दुःखाचं कारण ठरतं. एक बाई तर आपल्याच मुलीची मुलगी निघते.

तिसरं पर्व समांतर सृष्टीकडे वळतं तेव्हा माझ्या मते धागा थोडा सैल पडतो. पहिली दोन पर्वं मात्र अजोड. निर्मात्यांनी आणखी एक केलं. कथेत जगबुडीची तारीख २७ जून २०२० आहे, आणि शेवटचं पर्व बरोबर त्याच दिवशी प्रदर्शित झालं.

मालिकेचा स्वतःचा काळ

हे सगळं चित्रपटातही करता येतंच की. तरी टीव्हीवर ते जास्त लागतं, कारण मालिका आपल्या आयुष्याच्या वर्षांतून चालते. पात्रं म्हातारी होतात, आपणही होतो. १९६६मध्ये पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल आजारपणामुळे काम करू शकेनासे झाले, तेव्हा डॉक्टरचं शरीरच बदलतं अशी सोय काढली आणि पॅट्रिक ट्रॉटन आले. तेव्हापासून तुमचा डॉक्टर कोणता, या प्रश्नाचं उत्तर माणसाचं बालपण कोणत्या वर्षांतलं ते सांगतं.

१९९६मध्ये 'स्टार ट्रेक'च्याच कुळातल्या 'डीप स्पेस नाइन'नं मूळ मालिकेची तिशी साजरी करताना आपले नट १९६७च्या एका भागाच्या जुन्या चित्रफितीत बेमालूम बसवले. त्याच्या आदल्या वर्षीच्या एका भागात काळाच्या फटीत अडकलेला बाप मुलाला काही वर्षांनी एकदा, काही मिनिटांपुरता भेटतो. बाप तसाच तरुण, मुलगा मात्र दर भेटीत म्हातारा होत जातो. वडिलांना परत आणण्याच्या ध्यासात त्याचं लेखनही सुटतं. ज्यांनी तो मुलगा आधीची तीन वर्षं पडद्यावर वाढताना पाहिला होता, त्यांना हा भाग सोसणं कठीण गेलं असणार.

आणि 'डॉक्टर हू'चा स्वतःचाच भूतकाळ हरवला आहे. साठच्या दशकातल्या भागांच्या टेप बीबीसीनं पुसल्या, काही प्रती टाकून दिल्या. जागा आणि टेप महाग होत्या, पुनःप्रक्षेपण फारसं होत नसे. वारिस हुसेन यांची मार्को पोलोवरची सात भागांची कथा पूर्ण गेली. पहिला डॉक्टर बदलतो तो भागही गेला. बदलाचा तो क्षण तेवढा उरला, कारण मुलांच्या एका कार्यक्रमात त्याचा तुकडा वापरला होता. सगळ्या हरवलेल्या भागांचे आवाज मात्र आहेत. तेव्हाच्या पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून ते नोंदवले होते. २०१३मध्ये नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्रात नऊ भाग सापडले, तेव्हा पन्नाशीच्या प्रेक्षकांनी आपल्या लहानपणीचा शनिवार पुन्हा पाहिला.

आपल्याकडे

दूरदर्शनवर १९८९मध्ये आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' आली. मुलं संगणक जोडतात आणि काळात भटकू लागतात. त्यानंतर आपल्या टीव्हीनं हा विषय फारसा लावून धरला नाही. मराठीत २०२०ची 'समांतर' ही वेबमालिका जवळपास येते. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ही कथा आहे. आपलं येऊ घातलेलं आयुष्य दुसऱ्या एका माणसानं आधीच जगून झालंय, हे कळलेला कुमार महाजन त्यात आहे. यंत्र नाही, पण 'डार्क'मधल्या माणसांची घुसमट हीच.

साहित्यात मात्र आपल्याकडे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आहे. इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर एका वेगळ्याच मुंबईत पोचतात. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे निसटती गेलेली असते. गंगाधरपंत त्या जगात करतात काय, तर ग्रंथालयात जाऊन इतिहास वाचत बसतात. त्यांना फक्त पाहायचं असतं. या कथेवर नेमक्या आटोपशीर लांबीची मालिका कोणीतरी करावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. तिला युद्धाची दृश्यं लागणार नाहीत. मुंबईतल्या जुन्या इमारती आणि एक चांगला नट पुरेल.

कुठून सुरुवात करावी

'डॉक्टर हू' पहिल्या भागापासून धरायचा हट्ट नको. वर सांगितलेले २००५, २०१० आणि २०१८चे तीन भाग सुटे पाहिले तरी समजतात. वेळ कमी असेल तर 'द ट्वायलाइट झोन'चा १९५९मधला एक भाग पाहा. थकलेला मध्यमवयीन माणूस आपल्या गावात चालत जातो आणि तिथे त्याचं बालपण अजून चालू असतं. अर्ध्या तासात संपतो.

'क्वांटम लीप'मध्ये शास्त्रज्ञ सॅम बेकेट दर भागात कोणा दुसऱ्याच्या आयुष्यात उतरून त्याचं काहीतरी बिघडलेलं नीट करतो. १९९३चा शेवटचा भाग पाहण्याआधी त्याच्या मित्राची, ॲलची, युद्धकैदेची हकिगत ज्या भागांत येते ते पाहून घ्या. सॅम शेवटी कोणासाठी थांबतो, याचं वजन त्याशिवाय कळत नाही. 'डार्क' मूळ जर्मन आवाजात, खाली उपशीर्षकं ठेवून पाहावी. शेजारी कागद-पेन्सिल असू द्या आणि चार घराण्यांची वंशावळ पहिल्या भागापासून लिहायला घ्या. दुसऱ्या पर्वात ती खोडून पुन्हा लिहावी लागेल.